टिटवीच्या दांड्यावरचा हात

दाभोळ खाडीच्या मुखाशी असलेल्या नाविक संग्रहालयात बुधवारची दुपार शांत असे. शाळांच्या सहली सकाळीच येऊन जात. धक्क्याला कायमची बांधलेली 'जलकेसरी' ही निवृत्त विनाशिका, तिच्या पलीकडे काँक्रीटच्या चौथऱ्यावर चढवलेली पाणबुडी आणि मागच्या हँगरमध्ये रांगेने उभी असलेली विमानं, हे सगळं नीट बघायचं तर अर्धा दिवस लागायचा. रोहिणी तांडेल दर बुधवारी यायच्या आणि एकच विमान बघायच्या.

हँगरच्या टोकाला काचेच्या भिंतीआड डॉ. नीरजा खोत यांची कार्यशाळा होती. संग्रहालयातल्या विमानांची यंत्रणा चालू ठेवणं हे तिचं काम. त्या दिवशी रोहिणीकाकू वेळेआधीच शिडीवरून उतरल्या आणि थेट तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"नीरजा, निहारचा हात थरथरतोय गं."

नीरजाने हातातला मीटर खाली ठेवला. "दांडा थरथरतोय, काकू?"

"तेच ते. गेल्या महिन्यात जरासं वाटलं होतं. म्हटलं, मशीनचं असेल. पण आज स्पष्ट कळलं. विमान सरळ जात असतं तेव्हा थरथरतो. वळायला लागलं की थांबतो." त्यांनी वळून विमानाकडे पाहिलं. "तो कशाला घाबरलाय?"

"मी बघते, काकू. मोटर सैल झाली असेल."

"मोटर नाही," रोहिणीकाकू म्हणाल्या. "मोटर अशी थरथरत नाही."

टिटवी हे नौदलाचं दोन आसनी टेहळणी विमान. हँगरमधलं हे त्या मालिकेतलं सातवं; त्याची गोष्ट तेव्हा घराघरात ठाऊक होती. आठ वर्षांपूर्वीच्या सागरी चकमकीत क्षेपणास्त्राचा तुकडा काच फोडून आत शिरला आणि लेफ्टनंट कमांडर निहार तांडेल जागच्या जागी गेला. मागच्या आसनावरचा सहकारी बेशुद्ध होता. तरीही विमान खवळलेल्या समुद्रावरून परत आलं आणि विमानवाहू नौकेच्या हलत्या डेकवर अलगद उतरलं. सहकारी वाचला. निहारचा देह घरी आला. विमान आणलं होतं अग्रहस्ताने. वर्षानुवर्षं निहारच्या हाताखाली शिकलेली ती यंत्रणा अगदी त्याच्यासारखीच विमान चालवत असे.

टिटवी निवृत्त झाली तेव्हा अग्रहस्त तिच्यातच राहू दिला गेला. प्रेक्षक कॉकपिटमध्ये बसत, समोरच्या पडद्यावर समुद्र दिसे, दांड्यावर हात ठेवला की दांडा आपणहून हलू लागे आणि विमान नौकेवर उतरे. बाहेर पाटी होती, 'निहार तांडेल यांच्या हातात हात द्या'. इतरांना तीन-चार मिनिटं मिळत. त्याच्या आईला बुधवारची अख्खी दुपार. ही परवानगी नीरजानेच मिळवून दिली होती. त्यालाही आता तीन वर्षं झाली होती.

निहारचे वडील महेंद्र तांडेलही दर बुधवारी सोबत यायचे, पण हँगरमध्ये पाऊल टाकायचे नाहीत. त्यांची वीस वर्षं जलकेसरीच्या इंजिनरूममध्ये गेली होती. ते सरळ जहाजावर जायचे, खाली उतरायचे आणि थंड पडलेल्या टर्बाइनपाशी बसून राहायचे. नीरजाने एकदा त्यांना विचारलं होतं, "काका, एकदा तरी टिटवीत बसून बघा ना." ते म्हणाले होते, "हे जहाज बंद झालं ते बंद झालं, मॅडम. कोणी त्याला श्वास घ्यायला लावत नाही. मला ते बरं वाटतं."

नीरजाने मोटर उघडून पाहिली. बेअरिंग बदललं, तारा तपासल्या. सगळं ठीक होतं. दांडा मात्र थरथरतच होता. शेवटी तिने पुण्याला डॉ. फिरोज मुकादम यांना फोन केला. अग्रहस्त त्यांनीच घडवला होता. निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे ते दुसऱ्याच दिवशी हजर झाले.

ते कॉकपिटमध्ये बसले, डोळे मिटून दांडा धरला आणि विमान दोनदा उतरवलं. कार्यशाळेत परत आल्यावर त्यांनी विचारलं, "मेलेल्या माणसाला नवीन सवय लागते का हो, खोत?"

"नाही, सर."

"मग हा कंप निहारचा नाही. त्याच्या हयातीत तो नव्हता. असता तर त्याला कोणी विमान दिलं नसतं."

"पण यंत्रणेत दुसरा कोणाचा हात येणार कुठून? ती तर निवृत्तीच्या दिवशी बंद..." नीरजा बोलता बोलता थांबली.

"शिकणं बंद केलं होतं? कोणी?"

"मला वाटलं, निवृत्त करताना केलं असेल."

मुकादमांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते बंद करताच येत नाही. नीट ऐका. डोळ्यांनी बघितलं आणि हाताने केलं यात माणसाचा पाव सेकंद जातो. हलत्या डेकवर उतरताना पाव सेकंद फार असतो. म्हणून आम्ही विमानाला वैमानिकाचा हात शिकवला. अग्रहस्त आधी हलतो, मग माणसाचा हात येतो. दोघांत जेवढा फरक, तेवढा अग्रहस्त स्वतःला बदलतो. म्हणजे पुढच्या खेपेला फरक कमी पडतो. हे सगळं त्या संस्कारजालात घडतं. बारीक धाग्यांचं जाळं आहे ते, वीज जिथून जास्त वाहते तिथला धागा जाड होतो. दांडा हलवणारी वीज आणि धागा बदलणारी वीज एकच. नदीला वाहू दे पण काठ झिजवू नकोस, असं सांगता येईल का?"

"म्हणजे इथे आलेला प्रत्येक प्रेक्षक..."

"प्रत्येकाने थोडं शिकवलं. पण हजार वेगवेगळे हात एकमेकांना खोडून काढतात. एक डावीकडे ओढतो, दुसरा उजवीकडे. त्यातून काही उरत नाही. साचतो तो पुन्हा पुन्हा येणारा एकच हात." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "असा कोणी आहे का इथे?"

नीरजाला उत्तर माहीत होतं. तिने रोहिणीकाकूंचं नाव सांगितलं.

"मूळ निहारची नक्कल कुठेतरी असेल ना, सर?"

"नक्कल करायची म्हणजे जाळं वाचायला हवं. वाचायचं म्हणजे त्यातून वीज सोडायला हवी. सोडली की ते बदललं. एकच होतं ते, आणि तेच इथे आहे."

मुकादम पुढच्या बुधवारपर्यंत थांबले. त्या दुपारी नीरजाने रोहिणीकाकूंना कार्यशाळेत बोलावलं. टेबलावर एक सुटा दांडा बसवलेला होता, कशालाही न जोडलेला.

"काकू, एक चाचणी करायची आहे. या पडद्यावरचा ठिपका जाईल तसा दांडा फिरवायचा."

"त्याचं दुखणं कळेल यातून?"

"कळेल," मुकादम म्हणाले.

रोहिणीकाकूंनी पदर खोचला आणि मन लावून ठिपक्याचा पाठलाग केला. झाल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि हात मांडीवर ठेवला. नीरजाने पडद्यावरून नजर काढून त्या हाताकडे पाहिलं. उजवा अंगठा तर्जनीवर घासत होता, जणू काही बारीक गोळी वळतोय. एका लयीत, न थांबता. काकूंचं तिकडे लक्षही नव्हतं. त्या टिटवीकडे बघत होत्या.

मुकादमांनी दोन आलेख एकावर एक ठेवले. टिटवीच्या दांड्याचा निळा, टेबलावरच्या दांड्याचा लाल. लाल रेघेखाली निळी दिसेनाशी झाली. मग त्यांनी तिसरा आलेख आणला. निहारचा देह घेऊन विमान उतरलं तेव्हा नौकेने टिपलेली दांड्याची हालचाल. ती रेघ वेगळीच चालली होती, बाकी दोघींना कुठेही न शिवता.

"तांडेलसाहेबांना जहाजावरून बोलावून घ्या," मुकादम हळूच म्हणाले.

महेंद्रकाका आले आणि पत्नीच्या खुर्चीमागे उभे राहिले. मुकादमांनी सगळं सांगितलं. शब्द सोपे होते, पण त्यात कुठेही लपायला जागा नव्हती.

रोहिणीकाकूंनी सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मी माझाच हात धरून बसत होते?"

त्यांनी उजवा हात डाव्या हाताने झाकला.

"मी त्याला सगळं सांगत होते. घरातलं, मोठ्या लेकीच्या लग्नातलं. त्याचा हात किती छान उत्तर द्यायचा. मी जरा कुठे चुकले की सावरून घ्यायचा. मला वाटायचं, किती ओळखतो मला." त्यांनी मुकादमांकडे पाहिलं. "तो आता किती आहे आत? थोडासा तरी?"

"मोजता येईल इतका नाही."

"मोजता न येण्याइतका?"

मुकादम आलेख गोळा करू लागले. नीरजा पुढे झाली. "काकू, चूक आमची आहे. आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं."

"काय सांगणार होतीस? की धरू नका? मी ऐकलं असतं का?" त्या मुकादमांकडे वळल्या. "पहिल्या दिवशी तरी होता ना तो? पहिल्यांदा मी आले त्या दिवशी?"

"होता," मुकादम म्हणाले. "त्या दिवशी बराचसा तोच होता."

"त्या दिवशी मी नुसती रडत होते," रोहिणीकाकू म्हणाल्या. "मी नीट धरलंसुद्धा नाही."

महेंद्रकाकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, रोहिणी."

मुकादमांनी काकांना दाराशी थांबवलं. "तांडेलसाहेब, मी डॉक्टर नाही. पण हाताच्या हालचाली बघण्यात माझं आयुष्य गेलंय. यांना मेंदूविकाराच्या डॉक्टरकडे न्या. उशीर करू नका."

"चहा पिताना बशी वाजते तिची," महेंद्रकाका म्हणाले. "विचारलं की म्हणते, थंडी आहे. मेमध्ये पण थंडी." मग त्यांनी मान हलवली आणि ते निघाले.

निदान कंपवाताचं झालं. नीरजाला ते फोनवर कळलं.

तिने टिटवीभोवती दोर बांधला आणि पाटी उतरवून ठेवली. संचालकांनी विचारलं, "लोकांना काय सांगायचं? एवढ्या लांबून येतात निहारसाठी."

"विमान बघू दे त्यांना. हात लावायचा नाही."

"दांडा आपोआप हलता ठेवा मग. कोणी धरायची गरजच काय? लांबून दिसेल."

"मुकादम सरांना विचारलं मी. कोणी धरलं नाही तर अग्रहस्त त्यालाच हात समजतो. न हलणारा हात. तेवढंच शिकत जातो. नशीब, इथे आणताना हात काढला की यंत्रणा बंद होईल अशी सोय केलेली आहे."

"म्हणजे धरलं तरी बिघडतं, सोडलं तरी बिघडतं."

"बंद असली की काही होत नाही. आहे तशी राहते."

"आणि आहे तशी म्हणजे नेमकं कोण?" संचालकांनी विचारलं. नीरजाने सांगितलं. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

दोन वर्षं टिटवी तशीच उभी होती. तिच्याभोवतीचं जग चालू होतं. पाणबुडीला नवा रंग लागला, एक जुनं हेलिकॉप्टर येऊन दाखल झालं. मग एका बुधवारी नीरजाने काचेतून पाहिलं, तर महेंद्रकाका हँगरच्या दारात उभे होते. एकटेच. ती धावत बाहेर गेली.

"काकू कशा आहेत?"

"आहे." ते टिटवीकडे बघत होते. "औषध चढलं की हात भलतीकडे जातो, स्वतःचा स्वतःला मारतो. उतरलं की लाकूड. मधला अर्धा-पाऊण तास असतो, तेव्हा जेवण भरवून घेतो. बोलणं कमी झालंय. मी हात धरला की धरू देते, पण तो..." त्यांनी शब्द शोधला. "तो परत धरत नाही."

"सोबत कोण आहे त्यांच्या?"

"मोठी आलीय. दुपारपुरती." मग ते नीरजाकडे वळले. "मॅडम, मुकादमसाहेब म्हणाले होते, त्यात आता तीच आहे."

नीरजाला पुढचं कळलं. "काका, तुम्हाला माहीत आहे ना, धरलं की काय होतं ते?"

"मी तिथेच उभा होतो तेव्हा. सगळं ऐकलंय. एकदाच."

नियमाने तिने नाही म्हणायला हवं होतं. तिने दोर सोडला. काकांना शिडी चढायला त्रास झाला. ते पहिल्यांदाच त्या आसनात बसत होते, आपल्या मुलाच्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पायाशी पाहिलं, मग समोर. पडद्यावर समुद्र उजळला. नीरजा शिडीवर उभी राहून बघत होती.

त्यांनी दांडा धरला. दांडा थरथरू लागला. काकांनी तो सोडला नाही. विमानाने वळण घेतलं तशी थरथर थांबली आणि दांडा किंचित मागे आला, मग पुढे गेला.

"बघितलंत?" काका कुजबुजले. "आधी मागे ओढते. रस्ता ओलांडताना अशीच करायची. मी निघालो की मला मागे खेचायची, आणि मग स्वतःच पुढे. चाळीस वर्षं. मी ओरडायचो तिला, एक काहीतरी ठरव म्हणून." ते हसले, आणि नीरजाने मान दुसरीकडे वळवली.

विमान नौकेवर उतरलं. काकांनी लगेच हात काढला, चटका बसल्यासारखा. दांडा जागीच थांबला.

"किती गेली?"

"एकदाच धरलंत. फार नाही."

"मी सैल धरायला हवं होतं का?"

"सैल धरलं तर कमी जातं. पण सैल धरलं तर कळतही कमी."

"हं." ते आसनात तसेच बसून राहिले, हात गुडघ्यांवर. "मग कोणी धरलंच नाही तर ती इथे आहे हे कोणाला कळणार?"

नीरजाने शिडी धरली आणि त्यांना उतरवून घेतलं. तोच प्रश्न तिने नंतर मुकादमांना विचारला. ते म्हणाले, "मी हे फक्त विमान उतरवायला केलं होतं हो."

पुढच्या बुधवारी काका पुन्हा आले. "एकदाच" हा शब्द दोघांपैकी कोणीही काढला नाही. नीरजाने दोर सोडला. त्याच्या पुढच्या बुधवारीही. ते जलकेसरीवर जाईनासे झाले. हँगरमध्ये यायचे, एकदा विमान उतरवायचे आणि जायचे. नीरजाच्या मनात येई की आज थांबवायचं, उपकरण नादुरुस्त आहे म्हणून सांगायचं. मग दारात ते दिसायचे. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस. ती काही न बोलता दोर सोडायला जायची.

काय चाललंय ते तिला कोणत्याही आलेखाशिवाय दिसत होतं. काकांचा हात इंजिनवाल्याचा होता, जड आणि स्थिर. थरथरणारी वस्तू हातात आली की ती दाबून शांत करायची, ही त्या हाताची आयुष्यभराची सवय. ते दांडा धरायचे तेव्हा नकळत तेच करायचे. आणि अग्रहस्त पुन्हा एका येत राहणाऱ्या हाताकडून शिकत होता.

वर्ष सरत आलं. एका दुपारी काका शिडीवरून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता, दवाखान्यातून चांगली बातमी घेऊन आलेल्या माणसासारखा.

"आज थरथर अजिबात नव्हती," ते म्हणाले. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एकदम शांत."

नीरजाने दोर पुन्हा बांधला. मग न राहवून म्हणाली, "काका, आणि वळताना?"

"वळताना काय?"

"आधी मागे ओढलं का?"

काका शिडीला टेकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला, पण त्यांना धक्का बसल्याचं दिसलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "दोन-तीन आठवडे झाले, ओढत नाही. सरळ जातं. मी नेतो तसं." त्यांनी आपला उजवा हात उलटा करून पाहिला. "मी इंजिनचा माणूस आहे, मॅडम. काय होतंय ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं."

"मग का आलात, काका?"

"घरी मी हात धरतो तिचा. दिवसभर धरतो. कितीही घट्ट धरला तरी ती थरथर थांबवता येत नाही मला." त्यांनी घड्याळात पाहिलं. औषधाची वेळ होत आली होती. ते दाराकडे निघाले आणि मागे न बघता म्हणाले, "इथे तरी थांबली."